मुलाच्या बाजूने कोण बोलणार?

(म्हसळा, जि. रायगड येथे कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



हस्तिनापूरच्या रंगभूमीवरचा प्रसंग महाराष्ट्रातल्या घराघरांत आजीच्या तोंडून ऐकलेला असतो. कर्ण धनुष्य घेऊन उभा राहतो आणि कृपाचार्य त्याला कुळ विचारतात. त्या प्रश्नासरशी त्या तेजस्वी मुलाची मान खाली जाते. त्या क्षणी मंडपात कोण नव्हते? भीष्म होते, द्रोण होते, विदुर होते. जन्मदात्री कुंतीही तिथेच होती. ती मूर्च्छित झाली, पण बोलली नाही. बोलला तो एकटा दुर्योधन. त्याने अंगदेशाचे राज्य दिले आणि कर्णाला जन्माचा बांधून घेतले. थोड्या वेळाने अधिरथ आला. घामाघूम झालेला, काठी टेकीत, थरथरत. नुकताच अभिषेक झालेल्या कर्णाने त्याच्या पायावर मस्तक ठेवले. नदीत सापडलेले मूल ज्याने आणि ज्याच्या राधेने वाढवले, तो हा सूत. भीमाला मात्र त्यात हसण्यासारखे दिसले.

ज्या मुलाच्या बाजूने सज्जन बोलत नाहीत, त्याच्या बाजूने बोलायला दुर्योधन नेहमी तयार असतो. आजच्या काळात त्याला गुत्तेवाला म्हणा, भंगार घेणारा म्हणा, शहरातल्या टोळीचा दादा म्हणा. मुलाची मान खाली गेलेली पाहून तो पुढे येतो.

आता म्हसळ्याकडे वळू. एकेकाळी जंजिरा संस्थानचा हा महाल. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि तो मुंबई प्रांतात आला. राजपुरीच्या खाडीचे पाणी, मागे डोंगर, डोंगरात वाड्या, आणि गावोगाव कुलूपबंद घरे. चाकरमानी मुंबईत, कोणी आखातात. गणपतीत आणि शिमग्याला घरे उघडतात, ओटी सारवली जाते, पंधरा दिवस गाव गाव वाटते. उरलेले वर्ष घर सांभाळतात म्हातारी माणसे आणि कित्येक ठिकाणी त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडे. बाप दारूने गेला, आई दुसरीकडे गेली, किंवा आई मुंबईत घरकामाला आहे आणि खोलीत जागा नाही, म्हणून मूल आजोळी. याला कोणी ‘प्रतिपालन’ म्हणत नाही. ‘पोर आजीकडे असतं’ एवढेच म्हणतात. कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या पोरकी पोरे अशीच वाढवली. देशावर आणि कोकणात वार लावून जेवण्याची रीत होती. गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवत असे आणि सात घरांच्या बळावर शिकत असे. त्या रीतीला जातीच्या भिंती होत्या, हे विसरून तिचा गौरव करण्यात अर्थ नाही. वाडीवरच्या कातकऱ्याच्या पोराला त्या सात घरांपैकी एकही उघडे नव्हते.

त्या कातकऱ्याच्या पोराविषयीच आज प्रामुख्याने बोलायचे आहे. डोळ्यांसमोर एक मुलगा आणावा. वय चौदा. नाव कोणतेही द्यावे. आईबाप पावसाळा संपला की वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात, कारण भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते. मूल बरोबर गेले तर शाळा बुडते, मागे राहिले तर त्याच्याकडे बघायला कोणी नसते. हा मुलगा एके दिवशी बंद घराच्या आवारातली तांब्याची तार काढताना सापडतो. पुढे काय होते हे सांगायला नको. आधी चार माणसे बदडतात, मोबाइलवर चित्रण होते, ते गावच्या सगळ्या गटांवर फिरते, आणि मग पोलीस येतात.

कायदा या प्रसंगी काय सांगतो, हे गावातल्या किती जाणत्या माणसांना ठाऊक आहे? बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला बाल न्याय मंडळापुढे किंवा मंडळ बसलेले नसेल तर मंडळाच्या एखाद्या सदस्यापुढे उभे करावे लागते. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार अशा किरकोळ चोरीत मुलावर एफआयआरसुद्धा नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल जोडायचा असतो. बेडी घालायची नाही. आणि ज्यांनी चित्रण फिरवले त्यांच्यासाठी कलम ७४ आहे. मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोर कोण, हा प्रश्न त्या क्षणी जरा उलटा होतो.

मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यातली किमान एक स्त्री. परिविक्षा अधिकारी पंधरा दिवसांत मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल देतो. घर कसे आहे, शाळेत जात होता का, शेजारी काय म्हणतात, संगत कोणाची. पुढचे सारे त्या अहवालावर अवलंबून असते. जामिनावर घरी जाणार की निरीक्षणगृहात राहणार, समुपदेशनावर सुटणार की विशेष गृहात पाठवला जाणार. तो अधिकारी संपूर्ण जिल्ह्याचा भार वाहणारा सरकारी नोकर. तो येतो तेव्हा आई भट्टीवर असते, वाडीवरचे लोक परका माणूस पाहून गप्प होतात, आणि बाजारपेठेतला सभ्य माणूस म्हणतो, ‘आम्हाला काही माहीत नाही, पण ती पोरं तशीच.’ हे ‘तशीच’ अहवालात उतरते.

‘तशीच’ या शब्दाला इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि मूल जन्मण्याआधीच त्याच्यावर शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. शिक्का मनात राहिला. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटके-विमुक्त विकास परिषदेने पारध्यांच्या आणि इतर विमुक्तांच्या मुलांसाठी शाळा उभी केली, तेव्हा गिरीश प्रभुणे यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पहिली लढाई या शिक्क्याशीच द्यावी लागली. चोरी कुठेही झाली तरी पोलीस पालावर येत, बापाला नेत, आणि मूल उघड्यावर पडत असे. प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. वृत्तपत्रांत छायाचित्रे आली. त्यामागे किती वेळा ठाण्याची पायरी चढावी लागली, याचे छायाचित्र निघत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. ‘ज्याची चोरी झाली, ज्याच्या लेकीवर अत्याचार झाला, त्याची बाजू कोण घेणार? मुलगा म्हणून सगळे माफ?’ १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर हा प्रश्न साऱ्या देशाने विचारला. त्यातला एक आरोपी अठरा वर्षांचा व्हायला थोडे महिने कमी होता. तीन वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये तो सुटला, आणि त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा कायदा संमत केला. सात वर्षे वा त्याहून अधिक किमान शिक्षेच्या निर्घृण गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाचे प्राथमिक मूल्यांकन करून त्याला प्रौढाप्रमाणे न्यायालयापुढे पाठवता येते, ही तरतूद त्यातूनच आली. तेव्हा ‘सगळे माफ’ असे कायदा म्हणत नाही. तो मुलांमुलांत फरक करायला सांगतो.

समाज मात्र फरक करतो तो दुसऱ्याच मोजपट्टीने. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीनाला काही तासांत जामीन मिळाला. अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. संताप झाला, तो योग्यच होता. पण त्या संतापात एक गोष्ट सुटली. त्या मुलाच्या बाजूने बोलायला पहिल्या तासापासून माणसे हजर होती. तारेच्या चोरीतल्या मुलाच्या बाजूने पंधराव्या दिवशीही कोणी नसते. कायदा दोघांसाठी एकच आहे. वकील देणे विधी सेवा प्राधिकरणाचे काम आहे, विनामूल्य. पण प्राधिकरणाला मूल आहे हे कळवणारा कोणीतरी लागतो.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९६४ साली असेच घडले होते. पंधरा वर्षांच्या एका मुलाला शेजारणीला अश्लील दूरध्वनी केल्याच्या आरोपावरून उचलले, आईवडिलांना धड कळवलेही नाही, वकील दिला नाही, आणि एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारशाळेत पाठवले. त्याच अपराधासाठी मोठ्या माणसाला पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय फिरवला आणि मुलालाही वकिलाचा अधिकार आहे असे ठरवले. दहा वर्षांनी सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना वेगळीच टोचणी लागली. मूल कोणाकडे ठेवायचे याचा निर्णय आपण देतो, पण मुलाच्या वतीने सांगणारे समोर कोणी नसते. त्यांनी शहरातल्या सामान्य नागरिकांना बोलावले, शिकवले, आणि एकेका मुलासाठी एकेक माणूस नेमला. वकील नव्हेत, नातेवाईक नव्हेत. मुलाला भेटायचे, शाळेत जाऊन यायचे, आणि न्यायालयात खरे ते सांगायचे. आपल्याकडे परदेशातले सारे त्याज्य मानणारे आणि सारे पूज्य मानणारे असे दोन पंथ आहेत. ही कल्पना मात्र कोणाच्याही देशाची मानू नये. अधिरथाने रंगभूमीवर येऊन दुसरे काय केले होते?

महाराष्ट्राला या कामाची परंपरा नाही असे नाही. महात्मा फुले यांनी पुण्यात १८६३ साली आणि प्रार्थना समाजाशी निगडित मंडळींनी पंढरपुरात १८७५ साली टाकलेल्या जिवांसाठी दार उघडले. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला. अलीकडे कांजूरमार्गचा वात्सल्य ट्रस्ट, किंवा मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर घर सोडून आलेल्या मुलांना शोधून, त्यांना सावरून परत घरी पोहोचवणारे समतोल फाउंडेशन, ही नावे या वाचकवर्गाला नवी नाहीत. घर सोडून निघालेले कोकणातले पोर दादर-कुर्ल्याच्या फलाटावर पोहोचते, तेव्हा ते या मंडळींच्या नजरेला पडते. प्रश्न इतकाच की ते म्हसळ्याच्या एसटी स्थानकावर उभे होते तेव्हा कोणाच्या नजरेला पडले होते का?

आता ज्या मुलांनी काहीच केलेले नाही, पण ज्यांना कोणी नाही, त्यांच्याकडे येऊ. बालगृह हा शेवटचा मार्ग आहे, पहिला नव्हे, हे आता कायदाच सांगतो. मूल होता होईतो कुटुंबात वाढावे. महाराष्ट्रात त्यासाठी बालसंगोपन योजना आहे. अनाथ, एकच पालक असलेले, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजारात असलेले मूल नातेवाइकाकडे वा दुसऱ्या कुटुंबात राहावे म्हणून शासन दरमहा पैसे देते. अनेक वर्षे ही रक्कम ४२५ रुपये होती. पुढे ११०० झाली आणि २०२३ मध्ये २२५० रुपये करण्यात आली. योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे दरमहा ४००० रुपये मिळू शकतात. कोरोनाने दोन्ही पालक हिरावलेल्या मुलांच्या नावे राज्याने २०२१ मध्ये पाच लाखांची ठेव ठेवली, तेही योग्य झाले. पण विंचू-सर्पदंशाने, होडी उलटून, दारूने किंवा भट्टीवरच्या अपघाताने बाप गेलेल्या मुलाचे पोरकेपण काही कमी दर्जाचे नसते.

आणि या योजनेचा अर्ज करायचा कसा? पालकाच्या मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, शाळेचा दाखला, बँकेचे खाते. मग प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जाते. तिचा आदेश झाल्याशिवाय पैसा सुटत नाही. कातकरी वाडीवर मृत्यूची नोंद कोण करतो? भट्टीवर, परजिल्ह्यात माणूस गेला तर तिथेच अंत्यसंस्कार होतात आणि कागद राहून जातो. एक वर्ष उलटले की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी त्यासाठी न्यायालयात जावे लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर अधिकार असलेला कार्यकारी दंडाधिकारी तो देऊ शकतो. ही माहिती वाडीवरच्या आजीला कोण सांगणार? जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग, म्हणजे इथून शंभर किलोमीटरच्या आसपास. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि भाडे. दोन खेपांनंतर आजी म्हणते, ‘नको ते पैसे.’ ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात म्हसळा-श्रीवर्धनची घरे उडाली तेव्हा कोणाचे किती कौल गेले याच्या याद्या रातोरात झाल्या. पत्रे, ताडपत्री, धान्य घेऊन तरुण वाडीवाडीत पोहोचले. तेच तरुण, तीच तहसील कचेरी. मृत्यूच्या दाखल्यासाठी मात्र वादळ यावे लागत नाही, म्हणून कदाचित कोणी धावत नाही.

दुसऱ्या कुटुंबाने मूल सांभाळायला घेण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. दत्तक वेगळे, प्रतिपालन वेगळे. प्रतिपालनात मूल आपले होत नाही. ते काही काळ आपल्याजवळ असते आणि त्याचे आईबाप सावरले तर परत जाते. मध्यमवर्गीय मनाला हे जड जाते. ‘जीव लावायचा आणि द्यायचे?’ यशोदेने दुसरे काय केले, असे म्हणणे सोपे आहे. करणे अवघड आहे, हेही मान्य केले पाहिजे. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पस्तीस ते साठ वयाची एकटी व्यक्तीही मूल सांभाळू शकते, आणि मूल दत्तक देण्यास मोकळे झाले असेल तर दोन वर्षांच्या संगोपनानंतर त्याच कुटुंबाला दत्तक मागता येते. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. मुले मोठी होऊन परगावी गेलेल्या, चार खोल्यांत दोघेच राहणाऱ्या किती घरांना हे ठाऊक आहे?

अशा सभांमध्ये एक तक्रार नेहमी ऐकू येते. परधर्मीय संस्था आमची मुले नेतात, त्यांचे संस्कार बदलतात. तक्रारीत कुठे तथ्य असेल तिथे कायदा साहाय्याला आहे. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत मुलाच्या धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमीचे सातत्य राखावे असे स्पष्ट म्हटले आहे. पण त्याआधी एक हिशेब द्यावा लागेल. ज्या वाडीवरून मूल गेले, त्या वाडीवर आपण वर्षातून किती वेळा गेलो? दिवाळीला फराळाचे पुडे घेऊन गेलो, छायाचित्र काढले आणि परतलो. त्याला भेट म्हणत नाहीत. ज्याने मुलाला अंथरूण दिले त्याच्याकडे मूल गेले, यात नवल काय? आणि उलट बाजूनेही तेवढेच खरे आहे. म्हसळ्याच्या बाजारपेठेत हिंदूंची दुकाने आहेत, मुसलमानांची आहेत. ठाण्याच्या बाकावर बसलेले मूल कोणाचे आहे हे विचारून त्याच्याशेजारी बसायचे असेल, तर बसूच नये. आधी पाणी द्यावे, नाव मागाहून विचारावे.

निरीक्षणगृहांची आणि बालगृहांची स्थिती सर्वत्र चांगली आहे असे कोणी म्हणणार नाही. पदे रिकामी राहतात, समित्यांच्या नेमणुका रखडतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये याविषयी सर्व राज्यांना निर्देश दिले, यातच सारे आले. अठरा पूर्ण झाली की मुलाला बाहेर पडावे लागते. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, पण ती मागावी लागते. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना नोकरी व शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण आहे. ते कोणा पुढाऱ्याला एके सकाळी सुचले नव्हते. गुण असूनही संधी हुकलेल्या अनाथाश्रमातल्या मुलीने स्वतः दारे ठोठावली, तेव्हा ते मिळाले.

मग इथे काय करता येईल? नवी संस्था, नवा फलक, नवे पावतीपुस्तक याची गरज नाही. २०१४ च्या शासन निर्णयाने प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, पोलीस पाटील सदस्य. ती आपल्या गावात कागदावर आहे की खरोखर बसते, हे ग्रामसभेत विचारावे. शेवटची बैठक कधी झाली आणि त्यात कोणत्या मुलाचा विषय निघाला, हेही विचारावे. भट्टीचा हंगाम सुरू होण्याआधी मागे राहणाऱ्या मुलांची नावे अंगणवाडी सेविकेकडे असावीत. तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकाने आणि एका गृहिणीने मिळून फक्त दाखल्यांचे काम हाती घेतले, वर्षाला पाचच प्रकरणे पूर्ण केली, तरी पाच घरांत मूल टिकते. १०९८ हा क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झाला, आता शासन चालवते. तो शाळेच्या भिंतीवर असावा आणि मास्तरांना तो लावून पाहिलेला असावा.

आणि ठाण्यातून निरोप आला की दोघांनी जावे, एक पुरुष आणि एक स्त्री. वाद घालायला नव्हे. बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारावे, मुलाच्या आईला निरोप गेला का ते पाहावे, परिविक्षा अधिकाऱ्यांना आपला पत्ता द्यावा. तारखेच्या दिवशी पहाटेच्या गाडीने आईला घेऊन निघावे. तिची त्या दिवसाची मजुरी आणि भाडे आधीच तिच्या हातात ठेवावे, म्हणजे भट्टीवर तिला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही. मंडळापुढे नाव पुकारले गेले की तिच्यामागे उभे राहावे, आणि विचारले तर सांगावे की या मुलाला आम्ही ओळखतो, तो कोणत्या शाळेत होता ते आम्हाला ठाऊक आहे, आणि सुटल्यावर दर आठवड्याला त्याच्या घरी जाणारे आम्ही आहोत.